दिवेलागणीला घेतलेलं नाव

४ डिसेंबर
आखाडा, वडीगोद्री

धाकटे,

फोन लावला की बबलू उचलतो आणि सांगतो, मम्मी झोपलीय. सकाळी दहाला झोपलेली, दुपारी दोनला झोपलेली, पाडव्याच्या दिवशीही झोपलेली. इथं होतीस तेव्हा बैलांच्या आधी उठायचीस. पोराला खोटं बोलायला लावू नकोस, त्याला ते साधत नाही. आधी घसा खाकरतो आणि मग बोलतो. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला झोपलीय म्हणून सांगता येत नाही. चाकणचा पत्ता आकांक्षानं दिला. लेकीवर चिडू नकोस, मीच तिच्या मागं लागले होते.

इकडं आखाड्यावर, रानातल्या घरी, ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी चालली आहे. मोसंबीला फळ कमी आहे, पण गोड आहे. तुझ्या वाट्याचं रान ज्यांना बटईनं कसायला दिलंस ती माणसं कामसू आहेत. बांधावर भेटली की रामराम करतात आणि पुढं जातात. गावातले म्हणतात, आता गावात खोली घ्या, रानात एकट्या बाईनं कशाला राहायचं? मी म्हणते, एकटी कुठं आहे, धाकटीचं कुलूप आहे की सोबतीला. एका पत्र्याखाली आपल्या दोघी जावांच्या चार खोल्या, दोन माझ्या, दोन तुझ्या. चहा झाला की मी अजून मधल्या भिंतीवर थाप मारते. तीस वर्षांची सवय आहे, हात ऐकत नाही.

सांगायचं ते वेगळंच. काल सकाळी अंगण झाडायला गेले तर तुझ्या बाजूच्या भिंतीखाली दोन पिल्लं पडलेली. उघडीबोडकी, अंगावर नुसता पांढरा कापूस, आणि मांजर दबा धरून बसलेलं. मी खराटा फेकला तो मांजराला लागला नाही, माझ्याच पायावर आला. पिल्लं पदरात घालून आणली. आता टोपलीत चिंध्यांवर आहेत आणि सारखी फुसफुस करतात. अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, बाई, आता आराम करा. घ्या आराम.

जेवण वेळेवर करत जा. सुनेच्या हाताला नावं ठेवू नकोस.

तुझी थोरली

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. तुला कुणाकडून तरी कळणारच. पिल्लं घुबडाची आहेत.

११ डिसेंबर

धाकटे,

मागचं पत्र फाडलं असशील. हेही फाड, पण आधी वाच.

तीच जोडी आहे, माळ्यावरची. जाताना तू बबलूकडून झरोक्याला आतून जाळी ठोकून घेतलीस. त्यांना माळ्यावर जाता येईना, तर त्यांनी बाहेरून पत्र्याच्या वळचणीला घरटं केलं. तिथं वीतभर जागा. पिल्लं जरा सरकली की खाली. मी शिडी लावून वर ठेवून आले, दुसऱ्या सकाळी परत अंगणात. तुला बोल लावत नाही. भिंत तुझी, झरोका तुझा, जाळी तुझी.

अंगणवाडीचा जुना लटकता काटा मी मागून आणला होता ना, तो काढला. झोळीत घालून वजन केलं तर काटा नुसता थरथरला. मग हातावर तोलून पाहिलं. थोरलं बरं आहे, धाकटं आपल्या अंगणवाडीच्या तक्त्यात कुपोषित म्हणून लाल रंगात धरावं लागेल असं. तोंड मात्र दोघांचं बघण्यासारखं, पांढरं आणि बदामाच्या आकाराचं, आणि आपण बोलायला लागलो की मान वाकडी करून असं बघतात की आपलंच काहीतरी चुकतंय.

खायला काय द्यायचं हा प्रश्न. हे गेल्यापासून मी मटणाला हात लावत नाही, तुला ठाऊक आहे. शेजारच्या रानातली खैरुनबी आली. तिच्या लेकाचं, फकरोद्दीनचं, हायवेला चिकनचं दुकान आहे. टोपलीत बघून ती दारातच थबकली.

"दुर्गाबाई, ह्ये काय पाळून राह्यलीस? हमारे में भी इसको मनहूस बोलते."

"मंग आलीस कशाला?"

"तू बुलाई, इसलिए आई. बोल जल्दी, हाडं ठेवू का काढू?"

"काढ. घशात अडकतील. चामडी पण काढ. सहा महिन्यांच्या लेकराला भरवतो तसं मऊ कर."

तिनं लोण्यासारखं वाटून दिलं, मी चिमट्यानं भरवलं. दोघांनी अधाशासारखं खाल्लं. चाळीस वर्षं हेच केलं, हाताला वळण आहे.

खैरुनबीनं टोपलीसमोर माझं नाव घेतलं म्हणून मी तिला दटावलं. नंतर माझं मलाच हसू आलं. सासूबाई सांगायच्या ते आठवतं ना? घुबडासमोर कुणाचं नाव घेऊ नये. ते नाव उचलतं, रोज घोकत बसतं आणि त्या नावाचं माणूस झिजत झिजत जातं. माझा विश्वास नाही, तरी जीभ थांबते.

त्यावरून तुझी ती हाक आठवली. भाऊजी गोठ्यात वैरण घ्यायला वाकले होते, दिवेलागणीची वेळ, आणि पेंढीशेजारी नाग. तू अंगणातून ओरडलीस, "सोमेश्वर! मागं व्हा!" अख्ख्या संसारात तू नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलंस. भाऊजी उडी मारून मागं आले, नाग निघून गेला आणि मग सगळे पोट धरून हसलो. भाऊजी म्हणाले, "बाई, आज हिनं उखाण्याबिगर नाव घेतलं बरं का, लिहून ठेवा." त्या दिवशी एवढं हसलो आणि पुढच्याच दिवाळीआधी त्यांचं दुखणं निघालं.

आणि तेराव्याला तू सगळ्या भावकीसमोर माझ्याकडं बोट केलंस. "बाई, तुमच्या घुबडानं माझं घर खाल्लं." माझं घुबड. खरं आहे, मी त्यांना कधी हाकलू दिलं नाही. भुईमुगाची पोती माळ्यावर असायची आणि एका पोत्याला उंदीर लागला नाही, तो कुणामुळं? पण त्या दिवशी मी गप्प बसले. म्हटलं दुःखात बोलते आहे, बोलू दे, दोन दिवसांत रडून माझ्याच गळ्यात पडेल. तू दोन दिवसांत कुलूप लावून निघून गेलीस.

मला फार लागलं ते, धाकटे. अजून लागतं.

तुझी थोरली

२० डिसेंबर

धाकटे,

धाकटं पिल्लू गेलं.

चार दिवस झाले, त्याचे पाय धरतच नव्हते. उभं केलं की फतकल मारून बसायचं, पंख खाली सोडून. मी म्हटलं अशक्तपणा आहे, अजून भरवू. अजून बारीक वाटलं, अजून मऊ केलं, वरून दुधाचे दोन थेंबही पाजले. शेवटी टोपली घेतली आणि एसटीनं अंबडला जनावरांच्या दवाखान्यात गेले. गाडीत शेजारच्या बाईनं टोपलीत डोकावून पाहिलं आणि उठून मागं जाऊन बसली, त्यामुळं मला ऐसपैस जागा मिळाली.

डॉक्टरीण आहे, सुमेधा नावाची, आपल्या आकांक्षाएवढी. तिनं दोघांना उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आजी, काय खाऊ घालताय?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पिल्लू हलकेच टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडांसकट, केसांसकट. हाडं पोटात गेली तरच त्याची हाडं बनतात. नको असलेलं ते गोळी करून तोंडावाटे टाकतं. "तुम्ही त्यांना खिचडी भरवताय, आजी. आणि दूध तर यांना विषच."

येताना टोपलीत एकच हलत होतं.

मी हजार लेकरं भरवली, धाकटे. तुझी दोन्ही माझ्या मांडीवर जेवली. तू कांडप करत असायचीस आणि मी एकेका घासातला खडा काढून त्यांना भरवायची. आणि हे लेकरू माझ्या हातचं खाऊनच गेलं. मायेनं गेलं. मोसंबीच्या झाडाखाली खड्डा केला. खैरुनबी आली, तिनं माती लोटली. मग म्हणाली, "तूने तो अच्छा समझ के किया ना. अल्ला सब देखता." मला तेव्हा तू हवी होतीस. तू म्हणाली असतीस, "बाई, तुम्हाला सगळ्याचीच घाई." तेही चाललं असतं.

आता थोरल्याला अख्खा उंदीर देते. खोलीत पिंजरा लावते, फकरोद्दीनही दुकानामागचे धरून आणतो. पहिल्या दिवशी ते मान ताणून ओकाऱ्या देऊ लागलं. मला वाटलं हेही चाललं. तर टपकन एक काळी गोळी पडली, केस आणि बारीक हाडांची. मी टाळ्या वाजवल्या. एकटीच बसून टाळ्या वाजवल्या, कुणी बघितलं असतं तर गावात बोभाटा झाला असता.

डॉक्टरीणबाईंनी वनखात्याला कळवलं आहे. त्यांचं सगळ्यांचं एकच म्हणणं, याला आईबापांजवळ ठेवा, शिकार तीच शिकवतील. आईबाप वळचणीला येतात, वर अजून एक पिल्लू आहे, त्याला भरवतात. पण वळचणीला ठेवलं की हे पडणार. एकच उपाय आहे. झरोक्याची जाळी काढायची आणि माळा त्यांना परत द्यायचा.

जाळी आतून ठोकलेली आहे. किल्ली पाठव.

तुझी थोरली

२८ डिसेंबर

धाकटे,

किल्ली आली नाही.

फकरोद्दीन म्हणाला, "चाची, एक हातोडा मारतो, कुलूप खाली." मी नको म्हटलं. परक्याचं असतं तर तोडलं असतं. ते माझ्या माणसानं माझ्यावर रागावून लावलेलं आहे, ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. तू काढेपर्यंत मी हात लावणार नाही, मग पाखराचं काय व्हायचं ते होवो. असं मी फणकाऱ्यानं म्हणाले खरी, आणि मग टोपलीकडं बघून रात्री जेवले नाही.

दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. परवा गॅसवाला आला तेव्हा त्याच्याशी बोलायला गेले तर आवाजच फुटेना, आधी खाकरावं लागलं, तुझ्या बबलूसारखं. पाखराला भूक लागली की ते फुसफुसतं, तेवढाच घरात आवाज. त्याला पिसं फुटली आहेत, सोनेरी, आपल्या ज्वारीच्या कणसाच्या रंगाची. पंख मारून बघतं. थोड्याच दिवसांत टोपलीत मावायचं नाही.

मला तुझा राग कळतो. पण किती दिवस?

थोरली

३ जानेवारी

धाकटे,

काल दुपारी आकांक्षा आली, सासरहून, मंठ्याहून, एकटीच. हातरुमालाच्या गाठीत तू तिच्याकडं धाडलेली किल्ली. मी तिला पोटाशी धरलं आणि विचारलं, आईचा राग गेला का?

"मोठीआई, मम्मीला तुझा राग न्हाईच. तुला कुणी सांगितलं?"

"मंग घुबडानं घर खाल्लं म्हणाली, फोन घेत न्हाई, ते काय?"

पोर रडायलाच लागली. म्हणाली, "मम्मी म्हणते, नाव मी घेतलं. पत्र्यावर घुबड बसल्यालं व्हतं आन् मी अंगणात वरडून नाव घेतलं. त्या दिवसापासून ते झिजले. मम्मी इकडं यायला भिऊन राह्यली, मोठीआई. तुझ्याशी बोलताना तोंडातून तुझं बी नाव निघंल म्हणून फोन घेत न्हाई."

एवढे महिने मी समजत होते की तू माझ्यावर बोट रोखलं आहेस. आणि तू तिकडं चाकणला एका खोलीत स्वतःलाच शिक्षा देत बसलीस. अगं वेडे. वेडे. त्या हाकेनं नाग चुकला. तू ओरडली नसतीस तर भाऊजी त्याच संध्याकाळी गेले असते, आपल्या डोळ्यांसमोर, गोठ्यात. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजार पोटात फार आधीपासून होता, तू तिथंच उभी होतीस, मानही हलवलीस. पण डॉक्टर काय एकदाच भेटला. सासूबाई वर्षानुवर्षं सांगत होत्या. कुणाचं मनात बसणार?

आम्ही दोघींनी कुलूप उघडलं. तुझ्या खोल्या तशाच आहेत. खुंटीला भाऊजींची टोपी आहे, मी ती झटकून परत तिथंच लावली. माळ्यावर जाऊन आकांक्षानं पक्कडीनं जाळी काढली. तिच्या हाताला खरचटलं, हळद लावली. पिल्लू वर ठेवलं. दिवस कलला तशी मोठी घुबडीण आली, झरोक्यात बसली, आत बघितलं आणि गेली. मग परत आली तेव्हा चोचीत उंदीर होता. आम्ही दोघी खाली तोंडात पदर धरून उभ्या. ती आत गेली आणि फुसफुस ऐकू आली. आपलंच होतं ते, मी त्याचा आवाज शंभरात ओळखेन.

आज सकाळी आकांक्षाला गाडीत बसवून दिलं. दिवसभर विचार केला की तुला काय लिहावं. तू माझं ऐकणार नाहीस. डॉक्टरचं ऐकलं नाहीस तर माझं काय ऐकशील? तेव्हा वाद घालायचा नाही असं ठरवलं. अंगणवाडीत आयांशी वाद घालून काही होत नाही, लेकरू काट्यावर ठेवावं लागतं, तेव्हा पटतं.

आत्ता दिवेलागणीला मी अंगणात गेले. घुबडीण पत्र्यावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "दुर्गा! ए दुर्गा!" तीनदा. तिनं अख्खं तोंड माझ्याकडं वळवलं. चांगलं ऐकलं तिनं. आता रोज ओरडणार आहे. घोकू दे तिला काय घोकायचं ते. आणि दर सोमवारी गावात अंगणवाडीत जाऊन गरोदर बायांच्या काट्यावर वजन करणार. नवी सेविका मला नाही म्हणणार नाही. आज दुपारीच पहिलं वजन करून आले, एक्कावन्न किलो भरले.

झिजले तर तुझं खरं.

तुझी थोरली

१२ जानेवारी

धाकटे,

खोटं लिहिणार नाही. वजन घटलं.

काट्यावर उभी राहिले आणि आकडा दोनदा वाचला. उतरले, चप्पल काढून परत चढले, तर अजूनच कमी. सेविका म्हणाली, "मॅडम, तुम्हाला घेरी आली का?" घरी येईपर्यंत मला सगळं आठवलं. पाय दुखतात, रात्री झोप लागत नाही, बांगडी सैल झाली. विश्वास नाही, विश्वास नाही म्हणणारी मी, बांधावर बसून रडले. मरणाची भीती वाटली असं नाही. तुला एकटीला ते ओझं घेऊन बसावं लागेल, ही वाटली.

खैरुनबीनं गाठलं. तिला सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् आठ दिवसांत खाल्लंस काय?"

मी आठवू लागले. एकादशी, त्याच्या मागच्या दिवशी जेवण राहिलं, एरवी चहा आणि भाकरतुकडा. एकटीसाठी चूल कोण पेटवतं?

"मंग? घुबड काय करंल त्याला? तू बिलकुल खात न्हाईस." संध्याकाळी ती डब्यात वरण-भात घेऊन आली, वर तूप. आणि मी अंगणात ओरडायला निघाले तर माझ्याबरोबर उठली. "मेरा भी नाम ले. अकेली मरती काय तू?" मी घेईना. तेव्हा तिनंच पत्र्याकडं तोंड करून हाक दिली, "खैरुनबी! ओ खैरुनबी!" आणि स्वतःच "काय गं?" म्हणाली. दोघी एवढ्या हसलो की घुबडीण उडून लिंबावर गेली.

आता ती रोज येते. डबा आणते, दोघी जेवतो, दोघी ओरडतो.

दोन दिवसांवर संक्रांत आहे. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नाही, आता तुलाही बोलवणार नाहीत. इथं असतीस तर दोघींनी तिळाची पोळी खाल्ली असती आणि बोलावणं नसलेल्या सगळ्या घरांना नावं ठेवली असती.

तुझी थोरली

२ मार्च

धाकटे,

मधे लिहिलं नाही. पुरावा पुरा व्हायची वाट बघत होते.

पाखरू उडालं. महाशिवरात्रीच्या आधी झरोक्यातून गोठ्याच्या आढ्यावर, तिथून लिंबावर, आणि परवा सांजेला बटईवाल्यांच्या रानात उतरलं ते उंदीर घेऊनच वर आलं. पहिला उंदीर. मी ओरडून सगळ्यांना दाखवला. सगळे म्हणजे खैरुनबी आणि एक म्हैस. आता ते माझ्याकडं ढुंकूनही बघत नाही, जसा काही माझा त्याचा संबंधच नव्हता. बरं आहे. तसंच असावं.

आता माझं. काल सोमवार नव्हता, पण राहवलं नाही म्हणून गेले. चोपन्न किलो. तुझी शपथ. चोळ्या दंडात रुतायला लागल्यात, दोन उसवून मोठ्या कराव्या लागल्या. खैरुनबी तर आधीच भरलेली, तिला आता दारातून जरा आडवं व्हावं लागतं. संक्रांतीपासून होळीजवळ येईपर्यंत त्या घुबडिणीनं रोज आमची नावं ऐकली, उचलली, घोकली, आणि आम्ही खाऊन माजलो. सासूबाई हयात असत्या तर त्यांना काट्यावर उभं राहून दाखवलं असतं.

तुझ्या हाकेनं भाऊजी गेले नाहीत, धाकटे. तुझ्या हाकेनं ते वर्षभर जास्त जगले. ते वर्ष तू दिलंस त्यांना. त्या वर्षात त्यांनी आकांक्षाचं लग्न पाहिलं, मोसंबीची नवी कलमं लावली, मला चिडवून चिडवून रडवलं. ती कलमं आता कमरेएवढी आहेत.

एक गोष्ट मात्र कबूल करते. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही. पत्रातसुद्धा बघ, धाकटे, धाकटे. पाकिटावर पत्ता लिहितानाही तेवढा भाग घराबाहेर, वडीगोद्रीच्या पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते. मला हसायचं तर हस. माझ्या बाबतीत माझा विश्वास नाही. तुझ्या बाबतीत मला धोका नको.

आणि आणखी एक. पहिल्या संध्याकाळी मी अंगणात "दुर्गा" म्हणून ओरडले तेव्हा मला ते नाव अनोळखी वाटलं. कुणाला हाक मारते आहे मी, असं झालं. मग ध्यानात आलं, मला कुणी नुसतं दुर्गा म्हटल्याला तीस वर्षं होऊन गेली. आई गेली तेव्हापासून कुणी म्हटलंच नाही. ह्यांनी अगं म्हटलं, तू बाई म्हटलंस, लेकरांनी मोठीआई, गावानं मॅडम. रोज दिवेलागणीला मी स्वतःलाच हाक मारते आणि स्वतःच ओ देते. वजन वाढलं आहे, तब्येत चांगली आहे, पण हे काही बरं नाही, धाकटे. हे मला सोसवत नाही.

तुझ्या दोन्ही खोल्या सारवल्या आहेत. कुलूप काढून ठेवलं आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे. चाकणहून सकाळची गाडी धरलीस तर ऊन उतरता उतरता वडीगोद्रीला उतरशील. आखाड्यापर्यंत चालत ये, रस्ता तोच आहे. घुबडीण पत्र्यावरच बसलेली असेल. तिला भिऊ नकोस आणि हळू आवाजात बोलू नकोस.

थोरल्या जावेला नावानं हाक मारत नाहीत, मला ठाऊक आहे. तू मार. बांधावरूनच मार, मोठ्यानं. मी घरातून ओ देते.

दुर्गा